टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

देवाचं नाव त्या दिवशी माझ्या तोंडात आलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. बायका सांगतात की संकटात मारुतीले हाक मारली अन् तो धावून आला. माझं तसं झालं नाही. नाल्याच्या रपट्यावर आमचा ट्रॅक्टर बंद पडला होता. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा रस्ता, पाऊस झाला की पाणी त्याच्या वरूनच जातं. मागच्या ट्रॉलीत मी बसले होते, माझ्या मांडीवर मालकांचं डोकं होतं, त्यांच्या पायाले घोणस चावलेली होती, अन् पाणी चढत होतं. जन्मभर शनिवार धरलेली बाई मी. पण जीभ टाळूले चिकटून गेली. मारुतीराया, एवढंच म्हणायचं होतं. ते निघेना. दुसरं सगळं आठवत होतं. चुलीवर दूध झाकून आले की नाही ते आठवत होतं, अन् देवाचं नाव तेवढं आठवत नव्हतं.

आमचं शेत जसोंडीच्या पुढे, नाल्याच्या पल्याड. केळी आहे, बाजूले थोडी कपाशी. घरात आम्ही दोघं म्हातारे, मालक अन् मी, मुलगा संतोष, सून ज्योती अन् एक नात. संतोष त्या दिवशी नातीले कॉलेजात पोचवायले खंडव्याले गेला होता. ट्रॅक्टर ज्योतीले चालवता येतो. संतोषनंच शिकवला. सुरुवातीले गावातली पोरं हसली, मंग त्यांच्याच घरच्या कामाले तिले बोलवायले लागली.

आता शेंदराचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. गावाच्या वेशीवर मारुती आहे. शनिवारी मी तेलात शेंदूर कालवून त्याले लावते अन् वाटीत जो उरतो तो घरी आणते. सासूबाईंची रीत होती, उरलेला शेंदूर बैलांच्या कपाळाले लावायचा. देवाचं अन् बैलाचं एकाच वाटीतलं. मोत्या अन् काळू होते तोवर मी त्यांले लावला. मंग बैल गेले, ट्रॅक्टर आला. पहिल्या शनिवारी वाटी हातात घेऊन मी त्याच्यापुढे उभी राहिले तर मले त्याचं कपाळच सापडेना. पुढे नुसती जाळी अन् दोन दिवे. मालक ओट्यावरून म्हणाले, "त्यालेच विचार ना, कुठे लावू म्हणून." मी चारी बाजूनं फिरून पाह्यलं. वरच्या अंगाले डिझेल टाकायचं गोल झाकण होतं. बैल तोंडानं खातो, हा इथून खातो, म्हणजे हेच त्याचं तोंड. मी त्या झाकणाले शेंदूर लावला अन् हात जोडले.

तेव्हापासून रीतच पडली. शनिवार आला की झाकणावर शेंदूर. जुना निघायचा नाही, त्याच्यावर नवा चढायचा. सणावाराले मी वरून चमकीही लावायची, मारुतीले लावतात तशी. होता होता झाकण असं झालं की खालचा पत्रा दिसेना. ज्योती म्हणायची, आत्याबाई, तुम्ही तर ट्रॅक्टरले मुखवटा केला. मालकांले तर चिडवायले कायमचंच सापडलं. कोणी पाहुणा आला की त्याले अंगणात नेऊन दाखवायचे, म्हणायचे, "गावात एक मारुती आहे, हा आमच्या बुढीचा दुसरा, हा डिझेल पितो." मी ऐकून घ्यायची. बोलणारा माणूस बोलतो म्हणून घर भरलेलं असतं, हे मले त्या दिवसानंतर समजलं.

तो श्रावणातला शेवटचा शनिवार होता. सकाळी ज्योतीनं कॅनमधून डिझेल टाकलं अन् झाकण लावलं. मी मारुतीहून आले. शेवटचा शनिवार म्हणून शेंदूर जास्त कालवला होता, वाटी अर्धी उरली होती. ती सगळी मी झाकणावर रिकामी केली. बोटानं सारखं करून काठापर्यंत नेला, एवढीशी जागा कोरडी ठेवली नाही. मनात म्हटलं, संतोष घरी नाही, बाईमाणूस गाडी नेते, सांभाळ रे बाबा.

आम्ही तिघं खताच्या गोण्या घेऊन शेतात गेलो. बाजाराचा दिवस, मजूर कोणी नव्हता. रस्त्यात ट्रॅक्टरनं एक-दोनदा गचका खाल्ला. ज्योती म्हणाली, डिझेलमध्ये कचरा असेल. कोणी मनावर घेतलं नाही. गोण्या उतरवल्या. ज्योती अन् मी खोपीत गोण्या रचत होतो, अन् मालक केळीचा वाळला पाला ओढायले बसले. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांले रिकामं बसवत नाही म्हणून.

ते ओरडले नाहीत. मले हाक मारली, नेहमी मारतात तशीच. "संतोषची माय, जरा इकडे ये. पायाले लागलं." मी गेले तर ते मातीत बसलेले, दोन्ही हातांनी घोटा धरलेला. बोटांच्या मधून रक्त येत होतं, बारीक, पण थांबत नव्हतं. म्हणाले, घोणस होती, पाल्यात गेली, तू तिकडे पाय देऊ नको. त्या वेळेसही त्यांले माझ्या पायाची पडली होती. मी काही बोलले नाही. मी अशा वेळेस बोलत नाही, माझी सवयच आहे. माझा थोरला भाऊ गेला तेव्हाही मी बोलले नव्हते, भाकरी करत बसले होते.

आमच्या शेताच्या मागे टेकडीखाली एक भगत राहतो. निंबाच्या डहाळीनं विष उतरवतो असं लोक म्हणतात. तो जवळ होता, नाला ओलांडायची गरज नव्हती. माझ्या मनात तो आला, खोटं कशाले बोलू. पण माझ्या दिराच्या लेकराचा जीव मी तिथेच, त्या अंगणात जाताना पाह्यला होता. डहाळी फिरत राहिली अन् लेकराचे डोळे मिटत गेले. ज्योती माझ्या तोंडाकडे पाहात होती. तिनं विचारलंही नाही, नुसती म्हणाली, "आत्याबाई, बऱ्हाणपूर." मी मान हलवली.

तिनं अँब्युलन्सले फोन लावला. त्यांनी सांगितलं, गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, नाल्याच्या पलीकडे चिखलात येणार नाही, तुम्ही पेशंटले रपटा ओलांडून आणा. पेशंटले चालवू नका. मालकांनी आपला गमछा पायाले करकचून बांधला होता, तो ज्योतीनं सोडला, गावात येणाऱ्या दवाखान्याच्या ताईनं मागे सांगितलं होतं की साप चावला तर आवळायचं नाही म्हणून. मालक तिच्यावर चिडले. तिनं ऐकलं नाही. पाय हलू नये म्हणून बांबूची कामटी लावली, गमछा तिच्यावरून सैल गुंडाळला. दोघी मिळून त्यांले ट्रॉलीत घेतलं, खाली रिकाम्या गोण्या अन् केळीची पानं टाकली. भारी माणूस आहे. कसं उचललं ते मले आजही सांगता येणार नाही.

आभाळ आमच्यावर नुसतं ठिपकत होतं. पण सातपुड्याकडे पाह्यलं तर सगळं काळं. तिकडचा पाऊस आमच्या नाल्यात थोड्या वेळानं येतो, हे इथलं लेकरूही जाणतं. म्हणून ज्योतीनं ट्रॅक्टर जोरात काढला. खड्ड्यात ट्रॉली उडायची अन् मालकांचे दात करकरायचे. मी त्यांचं डोकं धरून होते. नाला आला. रपट्यावरून पाणी चाललं होतं, घोट्याएवढं, अजून पांढरं. ज्योतीनं मागे वळून माझ्याकडे पाह्यलं, मी हातानं चल म्हटलं. ट्रॅक्टर पाण्यात उतरला, रपट्याच्या मधोमध आला, एक गचका खाल्ला, मंग दुसरा. आवाज बारीक झाला. अन् बंद पडला.

ती शांतता मी कधी विसरणार नाही. इंजिनाचा आवाज असतो तोवर माणसाले पाण्याचा आवाज येत नाही. तो बंद झाला अन् एकदम सगळीकडून पाणीच ऐकू यायले लागलं.

ज्योतीनं किल्ली फिरवून सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण पकडेना. पुन्हा मारला. धूरही निघेना. तिनं आपल्या भावाले फोन लावला. प्रकाश त्याचं नाव, बऱ्हाणपूरच्या लालबागेत ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे, रिपेअरिंगही करतो. फोन मोठ्या आवाजावर ठेवून तिनं खिशात घातला अन् पाण्यात उतरली. त्याचं अर्धं हिंदी, अर्धं मराठी मले वर ऐकू येत होतं. त्यानं आधी विचारलं, सेल्फ जोरात फिरतो का? फिरतो. मंग बॅटरी ठीक आहे. डिझेल आहे का? सकाळीच टाकलं, काटा अर्ध्याच्या वर आहे. धूर येतो का? नाही. तर तो म्हणाला की डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही, हवा घेतली असेल, फिल्टरवरचा छोटा बोल्ट ढिला कर अन् हातपंप मार. आधी बुडबुडे येतील, मंग नुसतं डिझेल येईल, तेव्हा बोल्ट आवळ.

ज्योतीनं सीटखालचा पाना काढला, बोल्ट ढिला केला. हातपंपाची दांडी इंजिनाच्या अंगाले असते, ती अंगठ्यानं दाबायची. ती दाबत राहिली. बुडबुडे येईनात. डिझेलही येईना. एक थेंब नाही. प्रकाशले सांगितलं तर तो म्हणे असं कसं, टाकी वर आहे, आपोआप यायले पाहिजे. मार, अजून मार. तिनं मारलं. मंग म्हणाला, नळीत कचरा अडकला असेल, टाकीखालची नळी खोल. त्या नळीले लागणारा पाना आमच्याजवळ नव्हता. तेवढ्यात फोन खरखरला अन् बंद पडला. नाल्यात रेंज येते जाते. तिनं पुन्हा लावला, लागेना.

तिनं पुन्हा सेल्फ मारला. या वेळेस इंजिन जड फिरलं, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं. मले इंजिनातलं काही समजत नाही, पण तो आवाज समजला. बॅटरी उतरत होती.

मी पाण्याकडे पाहू नये असं ठरवलं होतं अन् तिकडेच पाहात होते. पांढरं पाणी गढूळ झालं होतं. काड्या यायले लागल्या, मंग फेस, मंग एक अख्खं तुराट्यांचं ओझं गोल गोल फिरत आलं अन् चाकाले अडकलं. रपट्याच्या कडेले चुना लावलेले दगड आहेत, गाडीले रस्ता कळावा म्हणून. आम्ही आलो तेव्हा ते सगळे दिसत होते. आता त्यांची नुसती डोकी दिसत होती. दोघींनी मालकांले उचलून न्यावं तर खाली शेवाळ, पाण्याचा जोर, अन् एकीचा पाय सरकला की तिघं गेलो. ज्योती पोहू शकते. मी तिले म्हटलं, "तू जा बाई, रस्त्यावर जाऊन माणसं आण." तिनं रागानं माझ्याकडे पाह्यलं. म्हणाली, "तुम्हाले सोडून गेले तर संतोषले तोंड दाखवू का?" अन् पुन्हा दांडी मारायले लागली.

मालकांचा पाय मांडीपर्यंत सुजला होता, कातडी चकाकत होती. त्यांले झोपू द्यायचं नाही असं मले वाटत होतं, म्हणून मी काहीबाही बोलत होते. मोत्या एकदा तापीच्या पुरात पोहून घरी आला होता ते सांगितलं. ते म्हणाले, तो मोत्या नव्हता, काळू होता. तेवढं ऐकून मले जरा धीर आला. मंग थोड्या वेळानं म्हणाले, "पाणी चढलं का गं?" मी नाही म्हटलं. ते हसल्यासारखे झाले. जन्मभर मी खोटं बोलले की त्यांले समजतं. त्यानंतर ते बोलले नाहीत. दातांच्या कडेले त्यांले रक्त आलेलं दिसलं, मी पदरानं पुसलं, पुन्हा आलं.

तेव्हा मी देवाले हाक मारायले गेले अन् हाक निघाली नाही. तोंड उघडलं, नुसती हवा आली. मले वाटलं, एवढी वर्षं मी काय केलं मंग? तेल वाहिलं, शेंदूर लावला, उपास केले, अन् जेव्हा लागलं तेव्हा एक शब्द नाही. माझ्या आत काही नव्हतंच, असं वाटलं. सापापेक्षा अन् पाण्यापेक्षा मले त्याची भीती जास्त वाटली. ते दोन बाहेरचे होते.

मंग मले झाकणावरचा शेंदूर दिसला. पावसात भिजून लालभडक झाला होता, एक ओघळ बॉनेटवरून खाली आला होता. मनात एवढंच आलं की नाव येत नाही तर न येवो, देवाचा शेंदूर तर आहे. यांच्या कपाळाले लावते. जायचं असेल तर कोऱ्या कपाळानं जाऊ नये. होय, मी हेच म्हटलं मनात. वाचव असं म्हटलं नाही. तेवढी आशाच उरली नव्हती. म्हटलं, तुझं आहे, तू ने की ठेव, मले आता काही समजत नाही.

मी त्यांचं डोकं गोणीवर टेकवलं अन् ट्रॉलीतून उतरले. पाणी गुडघ्याले लागलं. ट्रॅक्टर धरत धरत पुढे गेले, पायरीवर चढले, हात लांबवून झाकणावर बोट फिरवलं. वरचा शेंदूर पाण्यानं धुपला होता, बोटाले नुसतं लाल पाणी आलं. खालचा थर वर्षांचा, वाळून दगड झालेला. नखानं खरवडला, नख मोडलं. आमच्या बायकांच्या मंगळसूत्रात सेफ्टी पिन अडकवलेली असते, काटा काढायले, साडीले लावायले. ती मी उघडली अन् टोकानं झाकणाच्या मधोमध खणायले लागले, जिथे थर सगळ्यात जाड होता. एक पोपडा निघाला. दुसरा निघाला. अन् पिन एकदम आत गेली.

मी पिन मागे ओढली तर झाकणातून आवाज आला. सूंऽ असा, लांब. बाहेर काही आलं नाही. हवा आत ओढली जात होती. जन्मल्याबरोबर लेकरू रडायच्या आधी पहिला श्वास ओढतं ना, तसा. मी घाबरून हात काढला. वाटलं, आपण अजून एक काही मोडलं. ज्योतीले सांगायची हिंमत झाली नाही. शेंदराचे पोपडे मुठीत धरले अन् तशीच मागे आले. तळहातावर थुंकीनं ओले केले, मालकांच्या कपाळाले लावले, सुजलेल्या पायाले लावले. उरला तो माझ्याच हाताले राहिला.

ज्योतीनं अजून दांडी सोडली नव्हती. तिचा अंगठा सोलला होता. ती रडत होती अन् दाबत होती, आता डिझेल येईल म्हणून नाही, थांबलं तर काय करायचं हे माहीत नव्हतं म्हणून. अन् एकदम तिचा आवाज आला, हळू, जसं कोणाले उठवायचं नाही. "आत्याबाई, आलं." बोल्टापाशी फेस येत होता. बुडबुडे, बुडबुडे, मंग फेस कमी झाला, मंग नुसती डिझेलची धार, तिच्या हातावरून पाण्यात जात होती. पाण्यावर रंग पसरले. तिनं बोल्ट आवळला, वर चढली, किल्लीवर हात ठेवला अन् थांबली. तिले माहीत होतं की बॅटरीत आता एकदाच फिरवण्याएवढं आहे, कदाचित तेवढंही नाही. मी मालकांच्या छातीवर हात ठेवून डोळे मिटले.

इंजिन एकदा फिरलं, थांबल्यासारखं झालं, अन् पकडलं. पांढरा धूर निघाला, मंग काळा. पुन्हा पाण्याचा आवाज बंद झाला.

आम्ही पलीकडचा चढ चढलो तेव्हा डांबरी रस्त्यावर अँब्युलन्स येतच होती. तिचा दिवा आधी दिसला. मालकांले आत घेताना मी एकदा मागे पाह्यलं. चुन्याचे दगड दिसेनात. रपटा होता तिथे नुसतं गढूळ पाणी, काठापासून काठापर्यंत.

बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात त्यांले सापाच्या विषाचं औषध सलाईनमधून दिलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, संतोषच्या वयाचीही नसेल. म्हणाली, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, आताही काही सांगत नाही. मी व्हरांड्यात बसून राहिले. माझ्या हाताले शेंदूर होता, तो मी धुतला नाही. भीती काही रपट्यावर राहिली नव्हती, ती माझ्यासंग आली होती. परिचारिकेनं दार उघडलं की मी उठून उभी राहायची. संतोष आला, पायाशी बसला. देवाचं नाव तेव्हाही आलं नाही मले. नुसती मूठ मिटून बसले. मंग एका सकाळी मालकांनी डोळे उघडले, कपाळाले हात लावला, बोटाकडे पाह्यलं अन् मले म्हणाले, "मलेही लावला का? मी डिझेल पीत नाही." परिचारिका हसली. मी तोंडाले पदर लावून बाहेर आले अन् तेव्हा रडले.

ते घरी आल्यावर प्रकाश भेटायले आला. चहा पिऊन ट्रॅक्टरपाशी गेला अन् मले हाक मारली. झाकण त्याच्या हातात होतं. त्यानं दाखवलं, मधोमध एक बारीक भोक होतं, सुई जाईल एवढं. म्हणाला की टाकीतलं डिझेल जसं कमी होतं तशी त्या भोकातून हवा आत जाते. ते बंद झालं की टाकी श्वास कोंडून धरते अन् डिझेल सोडत नाही. हातपंप कितीही मारा, येत नाही. भोक कधीचंच बुजलं असेल, एवढे दिवस काठाच्या फटीतून हवा जात होती, त्या शनिवारी तीही लिंपली गेली. फोनवर झाकण उघडून पाहा असं सांगायचं त्याच्याही डोक्यात आलं नाही, सकाळीच डिझेल टाकलं म्हटल्यावर. मंग जरा अडखळून म्हणाला, "आत्याबाई, बंद तुमच्याच शेंदरानं झालं होतं. अन् उघडलंही तुम्हीच."

मी तिथेच खाली बसले. माझ्या भक्तीनं माझा माणूस पाण्यात अडकवला होता. हे मले कितीतरी दिवस गिळता आलं नाही. जेवताना, झोपताना तेच. ज्योतीनं समजावलं, संतोषनं समजावलं. मालकांनी आपल्या पद्धतीनं समजावलं, म्हणाले, बुढीनं मारुतीचं नाक दाबून धरलं होतं, तरी त्यानं राग धरला नाही, तू कशाले धरतेस.

पुढच्या शनिवारी मी वेशीवर गेले. मारुतीपुढे उभी राहिले, वाटी हातात. त्याच्या अंगावरही तसाच थर, आमच्या सगळ्या बायकांचा, आमच्या सासवांचा, खालचा देव दिसत नाही. मी त्याले काही विचारलं नाही. नुसती उभी होते अन् मले वाटलं, मी जन्मभर याच्यावर थापतच आले. हे दे, ते सांभाळ, याले बरं कर. एकही जागा रिकामी ठेवली नाही. त्या दिवशी पाण्यात पहिल्यांदा माझ्याजवळ मागायले काही उरलं नव्हतं, तेव्हा तेवढं भोक उघडलं. हा योग असेल, प्रकाश म्हणतो तसं नुसतं इंजिनाचं कारण असेल. मी अडाणी आहे, त्याच्यात पडत नाही. पिन माझी होती, हात माझा होता. पण कुठे टोचायचं हे मले माहीत नव्हतं.

मालक आता काठी घेऊन चालतात. ज्या पायाले चावलं तो पाय जरा ओढतात. शेतात जातात, पाल्याले हात लावत नाहीत, बांधावर बसून बाकीच्यांले कामं सांगतात. ज्योती म्हणते यापेक्षा पाला ओढत होते ते बरं होतं.

शेंदूर मी सोडला नाही. आता बॉनेटवर एक बोट लावते, टिळा फक्त. झाकण कपड्यानं पुसते, मंगळसूत्रातली तीच पिन काढून भोकात घालते, फिरवते, काढते. मंग वाकून कान लावते. तेवढा वेळ मी काही बोलत नाही, काही मागत नाही. मालक ओट्यावरून विचारतात, काय म्हणतो तुझा मारुती? मी सांगते, श्वास चालू आहे. मंगच ज्योतीले म्हणते, ने आता.